शटर लावलेलं घर

घराचा पत्ता सांगताना काळूरामची छाती दोन इंच पुढे यायची. "धामणकर नाक्यावरून सरळ या. दुकानं, दुकानं, दुकानं... नि मधीच लाकडी दार. तेच आमचं घर!" अख्ख्या रस्त्याने पुढच्या खोल्या फोडून गाळे काढले, पण हा पठ्ठ्या काही बधला नाही. लेक उन्नतीला बघायला दापोड्याचे गोदामवाले केसरीनाथ मुलगा प्रितेशला घेऊन चारला येणार होते. त्यांनाही हाच पत्ता दिला होता.

आणि नेमकं त्याच सकाळी एका टेम्पोने रिव्हर्स घेताना ते दार चौकटीसकट आत घातलं! सुताराने आठ दिवस मागितले. शेजारचा शटरवाला हिरामण मात्र दुपारपर्यंत दाराच्या जागी शटर ठोकून मोकळा झाला.

साडेतीनला काळूरामची बायको पार्वतीने शटर वर केलं. आत खुर्च्या मांडलेल्या, टेबलावर कांदेपोह्यांचं पातेलं, शेजारी बशांची चळत. लूमवरून, म्हणजे कापडाच्या मागांवरून, सुटलेले पाच कामगार सरळ आत येऊन बसले.

"भाभी, पाच प्लेट पोहा!"

"अगो, हे पाव्हणे न्हाईत!" काळूराम कुजबुजला.

"मंग काय? घरात आलेल्या माणसाला उठवू?" पार्वतीने बशा भरल्यासुद्धा.

पाचाचे पंधरा झाले. पातेलं खरवडलं गेलं. लाकडी दार शोधत रस्त्याला तीन फेऱ्या मारून घामाघूम झालेले केसरीनाथ नि प्रितेश शटरपाशी पोचले, तेव्हा पार्वती एकाला दरडावत होती, "पैशे उचल आधी! हे घर हाय आमचं, हाटेल न्हाय! पोरीला बघायला पाव्हणे यायचेत!"

"घर है?" पंधराच्या पंधरा जण ताडकन उभे राहिले. कुणी जीभ चावली, कुणी कान पकडले.

काळूरामने रिकाम्या पातेल्यात डोकावलं. गेली सोयरीक! पाहुण्यांपुढे ठेवायला घरात पोह्यांचा दाणा नव्हता.

"भाभी, पाँच मिनट," म्हणत एक दाढीवाला सटकला आणि समोरून गरम भजी घेऊन आला. दुसऱ्याने खुर्च्या पुसल्या, तिसऱ्याने चहा मागवला. "बैठो साहब, बहुत अच्छे घर की लडकी है."

भजी चावत केसरीनाथांनी विचारलं, "हे सगळे कोण?"

काळूरामने एकदा त्या पंधरा जणांकडे पाहिलं. त्याची मान ताठ झाली.

"घरचीच माणसं!"

झालं! दाढीवाल्याने खुर्ची ओढली ती थेट नवऱ्या मुलासमोर. "तो बेटा, काम क्या करते हो? दारू-वारू तो नहीं?"

प्रितेशने घाबरून बापाकडे पाहिलं.

"माझ्याकडं काय बघतंस? उभा ऱ्हा नि नीट उत्तर दे," केसरीनाथ म्हणाले. "मुलीकडची मानसं हायेत ती."