डबा रिकामा देऊ नये

गेल्या फेब्रुवारीतल्या एका रविवारी ब्रॅकनेल येथील लार्चवुड क्लोज या वसाहतीतल्या आमच्या घरी वाटीभर दुधीची भाजी उरली. घटना तशी किरकोळ. दुधीची भाजी उरतेच. ती उरण्यासाठीच करतात, असं माझं पहिल्यापासूनचं मत आहे. पण त्याच सकाळी मी घरच्या घरी पर्यावरण वाचवण्याच्या सोप्या उपायांवरचा एक लेख वाचला होता, आणि त्यातला पहिला उपाय उरलेलं अन्न टाकू नका असा होता. दुसरा हीटिंग कमी करण्याचा होता, त्यामुळे मी पहिल्यावरच थांबलो.

माझी बायको वैभवी ती भाजी काउन्सिलने दिलेल्या फूड वेस्टच्या कॅडीत, म्हणजे खरकट्याच्या छोट्या बादलीत, टाकायला निघाली होती. मी तिचा हात धरला.

"थांब! ही नुसती भाजी नाही. यात पाणी आहे, वीज आहे, लॉरीचं डिझेल आहे."

"मग खा."

"मी धोरणाबद्दल बोलतोय."

"आणि मी दुधीबद्दल."

या वैचारिक मतभेदातून लार्चवुड शाश्वत अन्न योजना जन्माला आली.

आमच्या क्लोजमध्ये बहुतेक घरं पुण्या-मुंबईच्या आयटीवाल्यांची. एखाद्या गोष्टीची समिती करायची म्हटलं की माणसं कमी पडत नाहीत. अध्यक्ष म्हणून सतीशराव आपोआप ठरले. ते निवृत्त झाल्यापासून कशाचं तरी अध्यक्ष होण्याच्या शोधातच होते. सेक्रेटरी मी. योजना अगदी साधी होती: ज्या घरात अन्न उरेल त्यांनी ते स्टीलच्या डब्यात घालून दुसऱ्या घरी द्यावं, प्लास्टिक वर्ज्य, आणि डबा यथावकाश परत करावा. वाचलेल्या अन्नाचं वजन माझ्याकडे कळवावं. बस्स.

डबा रिकामा परत करू नये, असं आम्ही कुठेही लिहिलं नव्हतं. नाकाने श्वास घ्यावा असंही लिहिलं नव्हतं.

उद्‌घाटनाचा मान अर्थातच आमच्या दुधीला मिळाला. घरात स्टीलचा झाकणाचा डबा एकच होता. चार वर्षांपूर्वी इकडे येताना आईने त्यात बेसनाचे लाडू घालून दिले होते. डब्याच्या कुशीवर नाव घातलेलं होतं: 'चि. सौ. कां. सिंधू हिस, आईकडून'. आमच्या आजीचं माहेरचं नाव सिंधू असणार, हे मी कोणालाही न विचारता ठरवून टाकलं होतं. आपल्याकडे लग्नात बायकांची नावं बदलतात, भांड्यांवरची बदलत नाहीत.

"आईंचा डबा नको रे देऊस," वैभवी म्हणाली. "दर फोनवर विचारतात त्याच्याबद्दल."

"उद्या परत येईल," मी म्हणालो, आणि चार नंबरच्या अक्षयाकडे डबा नेऊन दिला.

परत काय आलं म्हणता? दुसऱ्याच डब्यातून शिरा आला. साजूक तुपातला, केशर घातलेला, कडेला बदामाचे काप लावलेला. अन्न असं नटूनथटून उरत नाही, हे कळायला सेक्रेटरी असावं लागत नाही. पण आता तो डबा आमच्याकडे आणि तो रिकामा कसा द्यायचा? वैभवीने दुसऱ्या दिवशी ऑफिसचे दोन कॉल कॅमेरा बंद ठेवून घेतले आणि पुरणपोळ्या लाटल्या. आता पुरणपोळीला पुरण बेताचं होतं का कधी? ते उरलं. ते योजनेनुसार सात नंबरला गेलं. सात नंबरकडून साबुदाण्याचे वडे आले.

महिन्याभरात क्लोजमधली सगळी घरं रोज संध्याकाळी डबे घेऊन एकमेकांच्या दारात उभी राहायला लागली. खरोखर उरलेलं अन्न द्यायची कोणाची छाती होईना. शेजारणीने बासुंदी पाठवली असताना तिला कालचा फोडणीचा भात द्यायचा? जनाची नाही, मनाची तरी! त्यामुळे योजनेसाठी वेगळं, ताजं, खास उरलेलं अन्न शिजवायची पद्धत पडली. रात्री झोपण्यापूर्वी वैभवी मला शांतपणे विचारायची, "उद्या उरायला काय करू?"

आकडेवारी मात्र थक्क करणारी होती. सतीशरावांनी असा नियम घालून दिला होता, की अन्न जितक्या वेळा घर बदलेल तितक्या वेळा ते वाचलं असं धरावं. त्यामुळे मार्चच्या अहवालात आम्ही जेवढं अन्न वाचवलं, तेवढं त्या महिन्यात कोणी खाल्लंही नव्हतं. फ्रिज पुरेनात म्हणून घरोघरी गराजमध्ये दुसरे फ्रीझर आले. सतीशरावांनी तर माणूस आडवा मावेल असा फ्रीझर आणला. विजेचं काय, असं मी विचारलं तर म्हणाले, "माधव, लेबल बघ. एनर्जी एफिशियंट आहे. जितका जास्त चालवू तितकी बचत."

सदस्यांच्या फूड वेस्टच्या कॅड्या रिकाम्या दिसल्या पाहिजेत असा दंडक होता आणि सतीशराव कचऱ्याच्या दिवशी स्वतः फेरी मारून झाकणं उघडून बघत. मग पाचव्या दिवशीच्या बासुंदीचं करायचं काय? आठ नंबरला कीथ नावाचा एकटा इंग्रज राहतो. त्याची कॅडी ऐसपैस होती. कचऱ्याच्या दिवशी सकाळी सकाळी क्लोजमधल्या लोकांना मॉर्निंग वॉकची आवड निर्माण झाली, आणि प्रत्येकाचा वॉक आठ नंबरपाशी किंचित रेंगाळायचा. माझाही.

या कीथलाही आम्ही योजनेत घेतलं होतं. अक्षयाने त्याला वांग्याचं भरीत दिलं. दुसऱ्या दिवशी त्याने डबा घासूनपुसून, लख्ख करून परत आणला. रिकामा! वर 'थँक यू' म्हणाला. अक्षया दारातच बसली. समितीची तातडीची बैठक झाली आणि साखळी तोडल्याबद्दल कीथला योजनेतून कमी करण्यात आलं. शिवाय अख्ख्या क्लोजमध्ये सगळ्यात भरलेली कॅडी त्याचीच निघत असल्यामुळे, अन्न जपून वापरावं असं त्याला प्रेमाने समजावण्याचं काम माझ्याकडे आलं. बिचाऱ्याने ऐकून घेतलं. "आय डोन्ट ईव्हन लाइक ऑबर्जीन," एवढंच म्हणाला. ऑबर्जीन म्हणजे वांगं.

इथवर सगळं सुरळीत होतं. मग मे महिन्यात आईचा व्हिसा आला.

"जूनमध्ये येते रे," ती व्हिडिओवर म्हणाली. "मला काही नको तिकडचं. फक्त तो डबा काढून ठेव. जाताना घेऊन जाईन."

"कुठला डबा?" मी उगाच म्हणालो.

"माधवा." आईने एवढंच म्हटलं आणि चष्मा काढला. आई चष्मा काढते तेव्हा विषय गंभीर असतो. "तो डबा आहे ना?"

"आहे की! असा समोर आहे."

समोर वैभवी होती. तिने कपाळावर हात मारला.

आजीची शेवटची आठवण, आणि ती मी दुधी घालून वाटून टाकली! त्याच संध्याकाळी अक्षयाकडे गेलो.

"अगं, आमचा तो पहिला डबा तुझ्याकडे राहिलाय का?"

"अय्या, दुधीचा? तो मी लगेच सात नंबरला दिला. माझा नवरा दुधीकडे बघतसुद्धा नाही." मग तिचा चेहरा पडला. "तू डबा मागायला आलायस? म्हणजे माझ्याकडून काही द्यायचं राहिलं?"

"छे गं, तसं काही नाही."

"नाही कसं! मलाच कसं सुचलं नाही." तासाभरात ती आळूवड्या घेऊन हजर.

सात नंबरला विचारलं. त्यांनी दुधी अकरा नंबरला दिली होती. रात्री त्यांच्याकडून खांडवी आली. अकरा नंबरकडून सांदणं आली. ज्या दारात मी डबा शोधायला जाई, त्या दारातून डबा सोडून सगळं येई. आमच्या फ्रीझरचं दार बंद होईना, तेव्हा वैभवीने मला दम दिला, "आता कोणाकडे चौकशीला गेलास तर तुझं अंथरूण गराजमध्ये. आळूवड्यांशेजारी."

पण दुधीचा माग लागला होता. पहिल्याच आठवड्यात ती घरोघर फिरून शेवटी सतीशरावांकडे पोचली होती. प्रत्येक घरी तिची नोंद झाली होती. कोणीही तिला चमचा लावला नव्हता.

सतीशरावांनी फ्रीझरचं झाकण उघडलं. तळाशी, बर्फाखाली, सिंधूचा डबा. मला अक्षरशः भरून आलं.

"द्या हो, सतीशराव. आई येतेय पुण्याहून."

"असा कसा देऊ?" त्यांनी झाकण लावलं. "रिकामा देता येत नाही."

"तो रिकामा नाहीये. त्यात दुधी आहे."

"ती तुझीच दुधी. तुझीच वस्तू तुला परत दिली तर ती दिली असं होत नाही. शिवाय," त्यांनी आवाज खाली आणला, "पुढच्या महिन्यात मंचाच्या बाई येतायत. योजनेतला हा सर्वाधिक वेळा वाचवलेला पदार्थ आहे, माधव. तो प्रदर्शनात लागेल. समारंभ झाला की डबा तुझा."

मंच म्हणजे थेम्स खोरे हरित गृहजीवन मंच. आमची आकडेवारी पाहून त्यांनी आम्हाला 'आदर्श हरित वसाहत' हा सन्मान जाहीर केला होता. आता सेक्रेटरीने स्वतःचा डबा मागितला असता तर योजनेत डबे परत येत नाहीत असा बोभाटा झाला असता. मी डबा तिथेच सोडून घरी आलो.

आई समारंभाच्या आदल्या दिवशी आली. बॅग उघडायच्या आधी म्हणाली, "डबा?"

"उद्या दाखवतो. सत्कार आहे त्याचा," मी म्हणालो. ती जेट लॅगमुळे फार बोलली नाही.

समारंभ कम्युनिटी सेंटरमध्ये झाला. स्टेजवर एक टेबल, त्यावर पांढरं कापड, कापडावर आईचा डबा आणि शेजारी योजनेचं प्रतीक म्हणून घासून चकचकीत केलेली रिकामी कॅडी. मंचाच्या बाईंनी आकडे वाचले, टाळ्या झाल्या. मग त्यांनी सहज, मागे बसलेल्या कीथला विचारलं, की तुम्ही उरलेल्या अन्नाचं काय करता? कीथ म्हणाला, दुसऱ्या दिवशी खातो. सभागृहात हसू पिकलं. सतीशराव बाईंना हळूच म्हणाले की ते आता योजनेत नाहीत.

तेवढ्यात माझ्या शेजारची खुर्ची रिकामी दिसली. आई तडक टेबलापाशी पोचली होती.

"सापडला बाई!" तिने डबा छातीशी धरला, झाकण उघडलं आणि नाक दाबलं. "ईऽऽ! काय रे हे मेलं?" आणि कोणाला काही कळायच्या आत योजनेतला सर्वाधिक वेळा वाचवलेला पदार्थ चकचकीत कॅडीत पडला.

सतीशरावांनी खुर्चीची पाठ धरली. मंचाच्या बाई मात्र उठून टाळ्या वाजवायला लागल्या. वडीलधारी मंडळीसुद्धा योग्य त्या कॅडीतच टाकतात, याचं त्यांना फार कौतुक वाटलं.

आईचं कुठेच लक्ष नव्हतं. ती पदराने डबा पुसत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"चुकलो गं आई. आजीची आठवण अशी..."

"कुठल्या आजीची?"

"सिंधू... आजीच ना?"

"तुझी आजी मनोरमा. माहेरची चंपू. सिंधू म्हणजे आपल्या खालच्या मजल्यावरच्या धारकर वहिनी रे! त्यांच्या आईनं लग्नात दिलेला डबा आहे हा. तुझ्या मुंजीत त्यांनी यातून बासुंदी पाठवली होती."

"माझ्या मुंजीत? मग अजून दिला का नाहीस?"

"रिकामा कसा देणार?" आई कळवळून म्हणाली. "बासुंदीवर काय साधं द्यायचं? म्हटलं दिवाळीत अनारसे करू. ते फसकले. पुढे तुझी दहावी आली. मग राहिलंच. मग इतकी वर्षं झाली की नुसत्या अनारशांनी भागेना. तू निघालास तेव्हा घरात दुसरा डबा नव्हता, घातले लाडू. आता आपली बिल्डिंग पाडतायत, त्या मुलीकडे बंगळूरला चालल्या कायमच्या. एकदा म्हणाल्या, 'आईचा एक डबा होता हो माझ्या.' बस्स, एवढंच. तेव्हापासून मी जिन्याने जायचीच बंद झाले. लिफ्टने जाते. सगळ्यांना सांगते, गुडघे दुखतात."

आईचे गुडघे ठणठणीत आहेत, हे मला ब्रॅकनेलमध्ये कळलं.

तिने मुक्काम आटोपता घेतला. पण रिकामा डबा नेणार थोडीच? वैभवीने आणि तिने दोन दिवस खपून अनारसे केले. जमले या वेळी. थोडे जास्तच झाले. उरलेले अक्षयाला दिले.

वाचताना हसलात ना? आता उठा, स्वयंपाकघरात जा. वरच्या फळीवर, मागे, रव्याच्या बरणीच्या आड एक स्टीलचा डबा आहे. खाली घ्या. त्यावर घातलेलं नाव तुमचं नाही.

जिचं आहे ती जिवंत असेल, तर आजच नेऊन द्या. रिकामाच द्या.

नाही ना देववत? मला वाटलंच.