सरस न लावलेला सांधा

मिस्त्रींनी डॉक्टरबाईंच्या टेबलावरचा नमुन्याचा खुबा उचलला, एक डोळा मिटून त्याचा दांडा सरळ आहे का ते पाहिलं आणि गोळा वाटीत फिरवून बघितला. जन्मभर सुतारकाम केलेल्या माणसापुढे सांधा ठेवला की दुसरं काय होणार?

"गोळा सिरॅमिकचा, वाटी प्लॅस्टिकची," डॉक्टरबाई म्हणाल्या. "छान टिकते ही जोडी."

"टिकू दे. पण हा दांडा हाडात बसवणार कसा?"

"सिमेंट लावून. तुमचं हाड ठिसूळ झालंय."

"म्हणजे चिकटवणार?" मिस्त्रींनी खुबा खाली ठेवला. "आमच्या बाबांनी सरसाच्या डब्याला कधी हात लावला नाही. मीही नाही. कापता येत नाही तो चिकटवतो!"

"अहो, तुम्ही कपाट नाही आहात," शेजारी बसलेली बायको म्हणाली.

"तू मध्ये बोलू नकोस."

डॉक्टरबाईंनी समजावलं. बिनसिमेंटचा दांडा ठोकूनच बसवावा लागतो. ठोकताना हाडाला चीर गेली, तर तार बांधून सिमेंटचाच दांडा घालायचा. नाहीतर पायावर भार देता येणार नाही. मिस्त्रींनी ऐकून घेतलं. घराच्या तीन पायऱ्या उतरून अंगणातल्या कारखान्यात जाणंही त्यांना किती महिने जमलं नव्हतं. खिडकीतून ते नुसते रंध्याकडे बघत बसायचे. पाय हवाच होता, पण अब्रूही हवी होती. शेवटी आधी बिनसिमेंटचा दांडा बसवून बघायचं ठरलं. त्यांनी सही केली आणि वर एक वचन घेतलं.

"सिमेंटची वेळ आली तर आधी मला विचारायचं."

"तुम्ही गुंगीत असाल, मिस्त्री."

"कामाच्या वेळी मी झोपत नसतो."

ऑपरेशनच्या दिवशी त्यांना कमरेखाली बधिर केलं आणि गुंगीचं औषध दिलं. समोरचा हिरवा पडदा हळूहळू उजळत गेला आणि त्याची कारखान्याची खिडकी झाली. पलीकडे करवत चालली होती. उन्हात भुसा तरंगत होता, तो खाली पडायचं नाव घेत नव्हता. फळ्यांच्या थप्पीवर बाबा झोपले होते, कानावर पेन्सिल तशीच. मिस्त्रींना फार बरं वाटलं. पाय दुखत नव्हता. खरं तर पाय नव्हतेच, ते जमिनीच्या वीतभर वरून चालत होते.

मग हातोडी सुरू झाली. ठक. ठक.

"दमानं रे," मिस्त्री पुटपुटले. "लाकूड जुनं आहे."

ठक. आणि मग अगदी बारीकसं, चर्र.

पडद्यापलीकडे डॉक्टरबाई थांबल्या. तार बांधायला घेतली. सहीचा कागद होताच, पण दिलेला शब्द तो शब्द. त्यांनी विचारलं, "मिस्त्री, चीर गेलीय. सिमेंट लावू का?"

मिस्त्रींनी थप्पीकडे पाहिलं. बाबा शांत घोरत होते. त्यांनी आवाज खाली आणला, तरी तो खोलीभर ऐकू गेला.

"लाव, लाव पटकन! डबा फळीमागं आहे, नेहमीच्या जागी. वरून भुसा चोळ, म्हणजे दिसत नाही. बाबांना कळता कामा नये."

सगळ्यांच्या तोंडावर मास्क होते म्हणून बरं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाई खाटेपाशी आल्या आणि काय झालं ते त्यांनी सरळ सांगितलं. मिस्त्री उशीवरून उसळले. "सिमेंट? मला विचारायचं ठरलं होतं!"

"विचारलं ना." डॉक्टरबाईंनी शब्दन् शब्द म्हणून दाखवला. "डबा काही आम्हाला सापडला नाही. आमचाच वापरला."

त्या निघून गेल्या. मिस्त्री भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. त्यांचे कान लाल झाले होते. जन्मभराची मिजास एका गुंगीत गेली होती, आणि तीही बायकोच्या देखत.

"आता हसून घे," ते म्हणाले.

"कशाला? मला लग्न झाल्यापासून माहितीय. तुमचे सदरे कोण धुतं?"

मिस्त्रींनी भिंतीकडचं तोंड तिच्याकडे वळवलं. मग लहान मुलासारखं त्यांनी विचारलं, "बाबांना कळलं असेल का गं?"

"अहो, सरसाचे डाग कसे काढायचे ते मला सासूबाईंनीच शिकवलं," बायको त्यांची चादर सारखी करत म्हणाली. "मामंजींच्या सदऱ्यांवर."

तेवढ्यात सिस्टर वॉकर घेऊन आली. मिस्त्रींनी पाय खाली सोडले, नवा पाय जमिनीला टेकवला आणि डोळे मिटून त्यावर भार टाकला. सांधा जराही हलला नाही.