आल्विनला तिसऱ्यांदा विचारा

बर्फावर आपटल्यावर पोस्टमन आल्विन हॉगेननं एक लहानसाच निर्णय घेतला : कुणाला काही सांगायचं नाही.

टॉलेफसनबाईंच्या घरापुढे, रस्त्याकडेला उभ्या असलेल्या त्यांच्या टपालपेटीसमोर तो गाडीतून उतरला काय, घसरला काय, आणि डावा गुडघा पेटीखालच्या दगडावर आदळून डोळ्यांपुढे काजवे चमकले काय, सगळं एका दमात झालं. बाई दारात धावत आल्या. "आल्विन, लागलं का रे?"

"छे छे! तक्रार नाही," आल्विन बर्फात बसल्या बसल्या टोपी उचलून म्हणाला. आणि (हे खास त्याचं) आता बसलोच आहोत तर म्हणून त्यानं बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली.

यात आल्विनला एकट्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. अमेरिकेच्या उत्तर टोकाच्या आमच्या मिनेसोटात, निदान नॉर्डबीच्या पंचक्रोशीत, 'कसं काय?' या प्रश्नाला उत्तर एकच : 'तक्रार नाही.' वादळात गोठ्याचं छप्पर उडालं, तरी तक्रार नाही. सबंध गोठाच उडाला, तर फार तर 'याहून वाईट झालं असतं.' याहून वाईट काय, ते कुणी विचारत नाही. दुसरा नियम पाहुणचाराचा. कॉफी विचारली की पहिल्यांदा 'नको' म्हणायचं, दुसऱ्यांदा 'उगीच त्रास नको' म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा आग्रह झाला की 'बरं, अर्धा कप' म्हणून तीन कप प्यायचे. पहिल्या विचारण्याला 'हो' म्हणणारा माणूस एक तर परगावचा असतो, नाही तर आजारी.

तर गुडघ्याची तक्रार नव्हती. दोन हिवाळे आल्विन लंगडत राहिला आणि "थंडीनं जरा धरलाय" म्हणत राहिला. खेड्यातल्या पोस्टमनचं गाडी चालवणं म्हणजे कसरतच. आमच्याकडे गाडीचं स्टिअरिंग असतं डावीकडे, पण उजव्या अंगाच्या पेट्यांपर्यंत हात पोचायला हवा म्हणून बसायचं उजव्या सीटवर, आणि डावा हात स्टिअरिंगवर नि डावा पाय लांब ताणून ब्रेक-अ‍ॅक्सिलरेटरवर. तो डावा पायच एक दिवस ताणेना. गाडी लिंडक्विस्टच्या मक्यात शिरली. (लिंडक्विस्ट म्हणाला, "असू दे, मका तसाही यंदा दाट झाला होता.") डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला आणि नोकरी संपली.

सरकारी कामावर लागलं तर सरकार भरपाई देतं, नाही असं नाही. पण वर्षाच्या आत कळवायला हवं. आल्विनची बायको मिर्टल हिनं अर्ज केला, तर उत्तर आलं की मुदत टळली, आता कायद्यानं हात बांधलेले आहेत. मग वाट एकच उरली. वॉशिंग्टनच्या संसदेनं आल्विन हॉगेन या एका माणसासाठी, त्याचं नाव घालून, एक वेगळा कायदा करायचा. असे कायदे होतात बरं का. कुठल्या कारकुनाचा हात यंत्रात गेलेला असतो, कुणाचा पगार चुकून कापलेला असतो, आणि मग सगळी संसद हात वर करून त्या एकट्याचं गाऱ्हाणं दूर करते. मिर्टलनं खासदाराला पत्र टाकलं.

आल्विनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "एवढी मोठमोठी माणसं! त्यांना माझ्या गुडघ्याचा त्रास कशाला?"

"त्रास तुझ्या गुडघ्याला आहे, त्यांना नाही," मिर्टल म्हणाली. "आणि कायदा नाही झाला तर घर विकून कॅलिफोर्नियाला लेकीकडे जायचं. ते चालेल?"

कॅलिफोर्निया आल्विनला मुळीच पटत नसे. तिथं म्हणे बारा महिने ऊन. म्हणजे माणसांनी एकमेकांशी बोलायचं तरी कशावर? पण खरी गोष्ट वेगळी होती. त्याचं घर त्याच्या टपालाच्या रस्त्यावर होतं. सकाळपासून तो खिडकीत बसायचा. दूरवर, टेकडीपलीकडे नव्या पोस्टमनची गाडी वळली की मिर्टलच्या आधी आल्विनला कळायचं. तो ताठ बसायचा. गाडी पेटीशी थांबायची, नवा पोस्टमन ड्वेन टपाल घालायचा, झाकण लावायचा आणि इकडे न बघता निघून जायचा. ड्वेन घड्याळासारखा वक्तशीर होता. आल्विन त्याच्याबद्दल एकच वाक्य बोलायचा : "पोरगा चांगला आहे." आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत खिडकीतून हलायचा नाही.

"माझ्या वेळी," तो कधीतरी म्हणे, "ह्या रस्त्यावर माणसं होती गं. दुपारी टपाल पडलं की जो तो निघाला एकमेकांकडे. टॉलेफसनबाई लिंडक्विस्टकडे, लिंडक्विस्ट सेल्मरकडे, सेल्मर टॉलेफसनबाईंकडे. सगळा रस्ता एक घर होता. आता बघ, चिटपाखरू नाही. टपालात माणुसकी लागते."

मिर्टल खाली मान घालून बटाटे सोलत राही.

रिकामा पोस्टमन आणि भरलेलं स्वयंपाकघर यांना एका छपराखाली ठेवू नये. एका बुधवारी सकाळी मिर्टल चर्चच्या शिवणमंडळाला गेलेली असताना आल्विननं फळीवरच्या डब्यांची नीट वाटणी केली, अगदी टपालाच्या खणांसारखी. पहिल्या खणात टॉलेफसनबाई, म्हणून तिथं पीठ. मग लिंडक्विस्ट, तिथं कॉफी. पुलापलीकडे सेल्मर, तिथं मीठ. रस्ता जसा वळतो तशी फळी वळली. मिर्टलचे डबे सगळे सारखे निळे, आणि तिचा हात डबा बघत नसे, जागा ओळखत असे. घरी आल्यावर तिला डोळ्यांना काहीच वेगळं दिसलं नाही, कारण निळे डबे ओळीत उभे होते आणि आल्विन निरागस चेहऱ्यानं खिडकीत बसला होता.

त्याच दिवशी दुपारी खासदाराचा माणूस यायचा होता. मिस्टर प्रेस्कॉट. गुडघा खरंच गेलाय की कसं, ते डोळ्यांनी बघून तो वॉशिंग्टनला कळवणार होता. सगळं त्याच्या शब्दावर होतं. म्हणून मिर्टलनं रूबार्बच्या आंबट देठांत भरपूर साखर घालून करतात तो 'पाय', म्हणजे सारण भरलेला गोड पदार्थ, भट्टीत सारला आणि नवऱ्याची शिकवणी घेतली.

"मी प्रेस्कॉट आहे असं समज. कसा आहे गुडघा?"

"तक्रार नाही."

"आल्विन!"

"बरं, बरं. थोडासा... म्हणजे थंडीत."

"जिना चढता येतो?"

"आपल्याकडे जिनाच नाही ना."

"देवा रे," मिर्टल म्हणाली. "अरे, एकदा 'आई गं' तरी म्हण!"

आल्विननं प्रयत्न केला. त्याच्या तोंडून ते 'आई गं' असं निघालं, जणू आई बऱ्याच दिवसांनी भेटायला आली आहे.

प्रेस्कॉट आला. उंच, काळा कोट, पातळ मिशी. मिर्टलनं कॉफी विचारली. "हो, आभारी आहे," तो पटकन म्हणाला. मिर्टल क्षणभर जागच्या जागी थबकली. एवढ्या उघड्यावाघड्या 'हो'ची तिला सवय नव्हती. कॉफी आली, पायचे तुकडे आले. प्रेस्कॉटनं कागद काढला.

"मिस्टर हॉगेन, गुडघा कसा आहे?"

"तक्रार नाही."

प्रेस्कॉटनं लिहिलं. मिर्टलनं टेबलाखालून नवऱ्याला लाथ मारली. नेम चुकला म्हणावं की बरोबर लागला म्हणावं, लाथ थेट दुखऱ्या गुडघ्यावर बसली. आल्विनच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"माफ कर हं," तो बायकोला म्हणाला, "माझा पाय मध्ये आला."

"दुखतो का फार?" प्रेस्कॉटनं विचारलं.

"याहून वाईट झालं असतं."

"हे बघा, संसद तुमच्यासाठी खास कायदा करायच्या विचारात आहे. तुम्हाला ही मदत हवी आहे ना?"

"छे छे," आल्विन घाईनं म्हणाला. "नको."

प्रेस्कॉटनं पेन थांबवलं. "नको?"

"उगीच त्रास नको कुणाला."

"मग माझं काम संपलं म्हणायचं," प्रेस्कॉट म्हणाला आणि पेनाला टोपण लावू लागला. मिर्टलचा चेहरा पांढराफटक पडला. तिच्या डोळ्यांपुढे कॅलिफोर्नियाचं ऊन उभं राहिलं.

निघण्यापूर्वी, सभ्यपणा म्हणून, प्रेस्कॉटनं पायचा एक मोठा घास तोंडात घातला.

त्याचं काय झालं ते नीट सांगता येत नाही. मिशी आधी वर गेली, मग खाली आली. डोळे मोठे झाले. त्यानं कॉफीचा सबंध कप एका घोटात रिकामा केला आणि रुमाल तोंडाशी धरून समोर पाहिलं. समोर आल्विनची बशी होती, चाटूनपुसून स्वच्छ.

"मिस्टर हॉगेन," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "पाय कसा होता?"

"छान," आल्विन म्हणाला. "अगदी छान झालाय."

मिर्टलनं आपल्या बशीतला कण जिभेला लावला. मग ती उठली, फळीपाशी गेली, साखरेच्या जागेवरचा निळा डबा उघडला आणि त्यात बोट घातलं. ती वळली तेव्हा आल्विननं मान खाली घातली होती.

"सेल्मरची जागा आहे ती," तो पुटपुटला.

"सबंध वाटीभर मीठ!" मिर्टल ओरडली. "आणि तू गपागप खाल्लंस?"

"तू एवढ्या मेहनतीनं केलास, मग..."

प्रेस्कॉटनं बशीकडे पाहिलं, मग आपल्या कागदाकडे पाहिलं. कागदावर लिहिलं होतं : गुडघ्याची तक्रार नाही. तो हळूच खाली बसला.

"साहेब," मिर्टल त्याला म्हणाली, "तुमच्याकडे काय रीत आहे मला ठाऊक नाही. आमच्याकडे दोनदा 'नको' म्हणायचंच असतं. त्याला तिसऱ्यांदा विचारा. एवढंच करा."

प्रेस्कॉटनं पेनाचं टोपण पुन्हा काढलं. "मिस्टर हॉगेन. तिसऱ्यांदा विचारतो. दुखतं का?"

तेवढ्यात टेकडीपलीकडे गाडी वळल्याचा आवाज आला. आल्विन सवयीनं ताठ झाला आणि त्याचं तोंड खिडकीकडे वळलं.

"दुखतं," तो म्हणाला. "रात्री कूस बदलता येत नाही. पण ते सोडा. त्याचं काही नाही." गाडी पेटीशी थांबली. झाकण वाजलं. "माझा रस्ता गेला हो. लिंडक्विस्टचं कुत्रं पुलापर्यंत गाडीबरोबर पळायचं, आता पळत नाही म्हणतात. सैन्यातल्या पोराचं पत्र असलं की मी लांबूनच हॉर्न वाजवायचो, आई एप्रनसकट धावत यायची. कुणाकडे काय येणार ते मला आधी कळायचं, आणि मी ते घेऊन चाललेला असायचो. आता रोज गाडी येते, आणि तिच्यात मी नसतो. मी इथं बसून डबे लावतो." त्यानं डोळे पुसले. "झालं. केली तक्रार. माफ करा."

मिर्टलनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तो एवढं सलग कधी बोलला नव्हता.

"रस्ता परत देणारा कायदा नाही आमच्याकडे," प्रेस्कॉट म्हणाला. त्याचा आवाज मिठानंच घोगरा होता की काय, देव जाणे. "गुडघ्याचा आहे. तेवढा करून बघतो."

आणि कायदा झाला. रेडिओवर नाव आलं नाही, पण नॉर्डबीला कळायला रेडिओ कशाला हवा? घर राहिलं, रस्ता खिडकीत राहिला, आणि लोक अभिनंदनाला येऊन तिसऱ्या आग्रहाला कॉफी पिऊन गेले. सगळ्यांत शेवटी पुलापलीकडचा सेल्मर आला. ब्रह्मचारी माणूस, शेत मोठं, बोलणं थोडं. तो टोपी गुडघ्यावर ठेवून बराच वेळ बसला.

आल्विन खुशीत होता. "सेल्मर, संसदेनं माझं नाव घेतलं, ते एक असो. पण खरं सांगू? ज्यासाठी जीव तुटतो ते नाही मिळालं. आपला रस्ता बघ, कसा ओस पडलाय. माझ्या वेळी कसे सगळे एकमेकांकडे जात होतात!"

"जावंच लागायचं," सेल्मर म्हणाला.

"म्हणजे?"

"टॉलेफसनबाईंची पत्रं माझ्या पेटीत असायची ना. माझी लिंडक्विस्टकडे. लिंडक्विस्टची बाईंकडे. टपाल पडलं की निघायचं वाटायला."

आल्विनचा कप ओठांपर्यंत जाऊन थांबला. मिर्टल एकदम बटाटे सोलायला लागली.

"रोज?" आल्विननं विचारलं.

"रोज नाही. रविवारी टपाल नसायचं." सेल्मरनं टोपी फिरवली. "मी बाईंकडे पत्र घेऊन जायचो. त्या म्हणायच्या, कॉफी घे. मी म्हणायचो, नको. तिसऱ्यांदा विचारेपर्यंत तास जायचा. बरं वाटायचं." तो खिडकीबाहेर बघू लागला. "आता तो ड्वेन. एक पत्र चुकवत नाही, मेला. वर्ष झालं, मला त्यांच्याकडे जायला निमित्त नाही."

टेकडीपलीकडे गाडी वळल्याचा आवाज आला. खिडकीतून दोघंही तिच्याकडे सारख्याच डोळ्यांनी बघत राहिले.

"अरे, पण इतकी वर्षं," आल्विन शेवटी कसाबसा म्हणाला, "मला कुणी एका शब्दानं सांगितलं नाहीत!"

"काय सांगायचं?" सेल्मर म्हणाला. "तक्रार नव्हती."