संरक्षक साधन समुद्रावर जाते

घराचा वीजभार वाढवून मिळावा असा अर्ज सूनबाईंनी केला आणि विभागाने तो रीतसर विचारात घेतला. सूनबाई घरीच पाव आणि बिस्किटं करून विकत. गिऱ्हाईक वाढलं, लहान ओव्हन पुरेना. मोठा घ्यायचा तर घरात येणारी वीज तेवढी पेलेल का, हे तपासणं भाग होतं. म्हणून एक निरीक्षक आले. शांत गृहस्थ होते. कुठल्याही घरात शिरताना आधी वर बघायचे, मग समोर.

वर बघून त्यांचा चेहरा पडला. खांबावरून घरात येणारी वायर बुटाच्या नाडीएवढी होती. खिडकीच्या डोक्यावर भिंतीला भोक पाडून ती आत घेतली होती आणि भोकात कुणीतरी फडक्याचा बोळा कोंबला होता. वायरचं आवरण उन्हाने तडकलं होतं. घर बांधलं तेव्हा आत मोजके दिवे आणि एक पंखा होता, त्या मानाने वायर चोख होती. आता तिच्याच जिवावर फ्रिज, गीझर, वॉशिंग मशीन, इस्त्री, पाण्याचा पंप, एसी आणि ओव्हन सुखाने नांदत होते. निरीक्षकांनी मेन स्विच उघडून पाहिला, मिटला, आणि ही वायर आजवर जळली कशी नाही, असं सूनबाईंच्या नवऱ्याला विचारलं. या नवऱ्याला घरात सगळे चिरंजीव म्हणत. आपल्याला कल्पना नाही, असं चिरंजीवांनी सांगितलं. घरातल्या बहुतेक गोष्टींबद्दल त्यांचं हेच म्हणणं असे.

उलगडा झाला तो चाचणीत. निरीक्षकांनी सगळी यंत्रं एकदम लावायला सांगितली. चिरंजीवांनी गीझर लावला आणि इस्त्रीकडे हात नेला. तोच आतल्या खोलीतून आवाज आला, "गीझर चालू आहे."

चिरंजीवांचा हात आपोआप मागे आला.

सूनबाईंनी ओव्हन लावला तेव्हा पंप थांबवण्याचा हुकूम आला. एसी लावायचा विचार नुसता मनात आला, तर आत खुर्ची करकरली आणि सगळ्यांनी विचार बदलला. आतल्या खोलीत सासूबाई उशांचे अभ्रे शिवत बसल्या होत्या. दिवा किंचित मंदावला की त्यांना मान वर न करता कळायचं, कुठे काय लागलंय ते. निरीक्षकांनी युक्त्याप्रयुक्त्या करून पाहिल्या. यंत्रणा एकदाही चुकली नाही.

आता वायर बदलायची, तर आधी खांबावरची तार बदलायला हवी होती. तार बदलायची तर खांब. आणि खांब बदलायचा तर तो मुळात कुणाच्या अखत्यारीत येतो, हे ठरायला हवं होतं, आणि ते ठरवणारी समिती अजून ठरायची होती. त्यापेक्षा निरीक्षकांनी सोपा मार्ग काढला. त्यांनी अहवाल दिला, की घरात येणारी वायर अपुरी आहे, तथापि अतिभार रोखणारं संरक्षक साधन आतल्या खोलीत बसवलेलं असून ते उत्तम स्थितीत आहे, सबब भार वाढवून देण्यास हरकत नाही. अट एकच: विभागाच्या परवानगीशिवाय साधन जागेवरून हलवू नये.

मोठा ओव्हन आला. सूनबाई खूश झाल्या. सासूबाईंना कुणी विचारलं नव्हतं, पण विभागाने आपल्याला उत्तम स्थितीत ठरवलं, याचं त्यांना बरं वाटलं. डॉक्टर असं कधी म्हणाले नव्हते.

मग त्यांच्या सकाळी फिरायला जाणाऱ्या मैत्रिणींनी समुद्रावर जायचा बेत केला. सासूबाईंनी समुद्र कधी पाहिला नव्हता. दर वेळी काही ना काही चालू असायचं आणि कुणीतरी बंद करायला लागायचं. या वेळी त्यांनी आधी बॅग भरली आणि मग घरात सांगितलं.

चिरंजीव नियमाने वागणारे. ते विभागाच्या कचेरीत परवानगी मागायला गेले. साधन नादुरुस्त आहे का, असं तिथल्या साहेबांनी विचारलं.

"नाही. समुद्र बघायला जातंय."

"म्हणजे चालू आहे. चालू साधन काढायची तरतूद नाही. बिघडलं की या."

फार गयावया केल्यावर साहेबांनी पर्यायी साधन बसवायची मुभा दिली. निरीक्षक पुन्हा चाचणीला आले. खुर्चीत आधी चिरंजीव बसले. "जमत असेल तर जरा पंप," एवढं त्यांचं म्हणून होईपर्यंत फ्यूज गेला होता. सूनबाईंचा आवाज उत्तम ठरला, पण मोठा ओव्हन त्याच वापरत आणि भार व भारनियंत्रक एकच व्यक्ती असणं नियमात बसेना. शेजारच्या काकांना विचारलं, तर ते म्हणाले, आपलं आपल्याच घरात कुणी ऐकत नाही, इथे कोण ऐकणार. सगळे पर्याय संपल्यावर विभागाने शेवटचा निर्णय घेतला. मूळ साधनाला सील ठोकावं.

निघायच्या सकाळी निरीक्षक तार आणि शिशाचं सील घेऊन दारात उभे राहिले. सासूबाई बॅग घेऊन बाहेरच येत होत्या.

"कुठे लावणार ते?" त्यांनी विचारलं.

निरीक्षकांनी सासूबाईंकडे पाहिलं, सीलकडे पाहिलं. आदेशात जागा दिली नव्हती.

"तुमच्या घरी काय चालू, काय बंद, हे कोण बघतं?" सासूबाईंनी विचारलं.

"आई बघायची. आता बायको बघते."

"तिने पाहिलाय समुद्र?"

निरीक्षकांनी सील खिशात टाकलं. साधन जागेवर आढळलं नाही, असं त्यांनी उभ्या उभ्या लिहिलं, आणि साधनाची बॅग बसपर्यंत पोचवून दिली.

त्या एका वाक्याने विभाग हादरला. अपुरी वायर, मोठा ओव्हन आणि साधन बेपत्ता, म्हणजे उद्या काही झालं तर जबाबदारी थेट साहेबांवर. दुपारी शिड्या आल्या. खांबाची मालकी ज्याने त्याने आनंदाने कबूल केली. संध्याकाळच्या आत नवा खांब उभा राहिला, जाड वायर पाइपातून घरात आली, भोक बुजलं आणि भार वाढला की आपोआप पडणारा खटका भिंतीवर बसला.

सासूबाई परतल्या त्या उन्हाने रापून, चपलेत वाळू घेऊन. घरच्यांनी कौतुकाने सगळी यंत्रं एकदम लावून दाखवली. दिवा हलला नाही. त्यांनी "बरं झालं" म्हटलं आणि पाय धुवायला गेल्या. जाता जाता, डोंगरावर कधी जायचं ते मैत्रिणींना विचारायला हवं, असं पुटपुटल्या.

विभागाने यातून धडा घेतला. आता ते घरोघरी वायरी तपासतात. बुटाच्या नाडीएवढी वायर दिसली, की निरीक्षक फक्त विचारतात, साधन कुठे आहे. घरातले मोबाइलवरून नजर न काढता सांगतात, "असेल आत कुठेतरी."

निरीक्षक आता तुमच्या गल्लीत येणार आहेत. हेच उत्तर द्यायला हरकत नाही. फक्त देण्याआधी एकदा आत डोकावून या. बॅग भरून झाली असेल.