हरिभाऊंची बेटावरून हजेरी

बालीच्या विमानतळाबाहेर पडल्यावर बाकीच्या प्रवाशांनी समुद्र कुठल्या बाजूला आहे ते विचारलं. हरिभाऊ जोगळेकरांनी विचारलं, "रेंज येते का?"

"आली बाबा. सगळ्या काड्या आहेत," मुलगा शौनक म्हणाला.

"आणि डेटा?"

"सगळ्यात मोठा पॅक घेतलाय. रोज सिनेमे बघितलेत तरी संपायचा नाही."

"सिनेमे कोणी बघायचे नाहीत," हरिभाऊंनी टॅक्सीच्या दारातच जाहीर केलं. "हा डेटा देवाचा आहे."

कमलाकाकूंनी कपाळाला हात लावला. टॅक्सीवाल्याला मराठी येत नव्हतं हे एक बरं होतं. नाहीतर देवाचा डेटा म्हणजे काय, हे समजावून सांगण्यात हॉटेल आलं असतं.

वाचकांना मात्र ते सांगायला हवं. रत्नागिरीजवळच्या ज्या गावात जोगळेकरांची आंब्याची बाग आहे, तिथे शिमग्यात होळी पेटली की ग्रामदेवाची पालखी देवळाबाहेर पडते आणि घरोघरी जाते. माणूस देवाकडे जातो ते वर्षभर. शिमग्यात देव माणसाकडे येतो. त्या दिवशी नोकरीवर कुठेही असलेला माणूस घरी हजर असतो. वरच्या वाडीत पालखीचा पहिला मान जोगळेकरांचा. पालखी आधी त्यांच्या अंगणात नाचणार, मग शेजारच्या सदू शिवगणाच्या. सदूचं अंगण मोठं, सारवलेलंही झकास, पण नंबर दुसरा. हे शल्य तो दर शिमग्याला ताजं करून घ्यायचा.

यंदा खालच्या वाडीत कोणाच्या घरी पालखी आधी जावी यावरून वाद झाला आणि पालखी तिथेच अडकून पडली. वाद मिटेपर्यंत फाल्गुन संपत आला. वरच्या वाडीचा दिवस ठरला तो नेमका जोगळेकर मंडळी बालीत असतानाचा. शौनकने तिकिटं कधीच काढून ठेवली होती. त्या तारखांना ती इतकी स्वस्त का मिळाली, हा प्रश्न तेव्हा कोणाच्याही डोक्यात आला नाही.

"मी येत नाही," हरिभाऊ म्हणाले होते.

"नका येऊ. मी जाते," कमलाकाकू म्हणाल्या होत्या. त्यांची बॅग भरून दाराशी उभी होती, आणि ती उघडायची त्यांची तयारी नव्हती.

मग देवळात बैठक बसली. "घर बंद तर मान पुढं. पूर्वीपास्नं असंच हाय," सदू म्हणाला.

"घर कुठं बंद? चावी माज्याकडं हाय," हरिभाऊंचा जिवलग दादू म्हणाला. "आनि हरीभाव मोबाइलवर हजर ऱ्हातील. समोरासमोर."

"मोबाइलवर कसली हजेरी? उद्या देव पन मोबाइलवरच पाठवशीला."

बराच वेळ खल झाला. शेवटी दरवर्षी देवापुढे गाऱ्हाणं घालणाऱ्या म्हाताऱ्या गावकरांनी निकाल दिला. "तोंड दिसलं पायजे, आनि गाऱ्हान्याला हुंकार आला पायजे. दोनी झालं तर मानूस हजर. नायतर यंदा मान सदूकडं."

तेव्हापासून हरिभाऊंना जगात एकच गोष्ट महत्त्वाची होती, ती म्हणजे इंटरनेट.

बालीत ते डेटा मे महिन्यातल्या विहिरीच्या पाण्यासारखा जपून वापरू लागले. काकूंना जनीला, म्हणजे दादूच्या बायकोला, समुद्राचे फोटो पाठवायचे होते. परवानगी मिळाली नाही. शौनक बाजारात वाट चुकला आणि नकाशा उघडावा म्हणाला, तेव्हा हरिभाऊ म्हणाले, "तोंड आहे ना? विचार कोणालातरी." दादूबरोबर मात्र रोज सकाळ-संध्याकाळ रंगीत तालीम चाले. दादू जोगळेकरांच्या अंगणात खुर्ची ठेवी, खुर्चीवर मोबाइल उभा करी आणि मान राखायचा म्हणून मोबाइलला हरिभाऊंची टोपी घाली.

"टोपी जरा मागे घे रे. मला अर्धंच अंगण दिसतंय."

"मागं घेतली तर पडते वो. तुमी मान वर करा."

इकडे हरिभाऊ हॉटेलच्या व्हरांड्यात मान वर करून बसत. पलीकडे काकू एकट्याच समुद्र बघत बसत.

पालखीच्या आदल्या संध्याकाळी रस्त्यावर ढोल वाजायला लागले. बघतात तर माडाएवढे कागदी राक्षस खांद्यावर घेऊन पोरं नाचवत होती. हरिभाऊंना भरून आलं. "अगं, हा तर शिमगाच की. खांदेकरी बघ कसे घुमवतायत. आपल्या पोरांना दाखवायला हवं." इतक्या दिवसांत ते पहिल्यांदाच या बेटावर खूश झाले होते. तेवढ्यात हॉटेलचा मालक वायन हसतमुखाने आला आणि शौनकशी इंग्रजीत काहीतरी बोलला. शौनकचा चेहरा उतरला.

"काय म्हणतोय?"

"बाबा, उद्या यांचं नवीन वर्ष आहे. शांततेचा दिवस. कोणी घराबाहेर पडत नाही, रात्री दिवे लावत नाहीत, विमानतळसुद्धा बंद."

"चांगलं आहे. आपल्याला कुठे जायचंय? आपण व्हरांड्यात."

"आणि," शौनक म्हणाला, "सकाळपासून सगळ्या बेटावर मोबाइलचा डेटा बंद. हॉटेलचं वायफायसुद्धा हे बंद ठेवतात."

हरिभाऊ खाली बसले. "सगळ्या बेटाचा? अरे, आपला पॅक सगळ्यात मोठा आहे, असं सांग त्याला."

वायनला ते सांगण्यात आलं. त्याने हात जोडले आणि कापलेली पपई आणून दिली.

पहिला अर्धा तास हरिभाऊंनी होडीने शेजारच्या बेटावर जाता येईल का, याची चौकशी केली. होड्याही बंद होत्या. मग दादूला फोन लावला. दादू म्हणाला, "मंग पालखी आजच आनू काय?" पण पालखी खालच्या वाडीतून हलवायची म्हणजे पुन्हा बैठक, पुन्हा वाद. सदू तर सकाळपासून अंगणात रांगोळी घालून बसलाय, हेही दादूने सांगितलं. ते सांगायला नको होतं.

मग शौनकला कल्पना सुचली. "बाबा, आत्ताच तुमचा व्हिडिओ करू. गाऱ्हाणं दरवर्षी तेच असतं. तुम्ही थोड्या थोड्या वेळाने 'व्हय महाराजा' म्हणायचं. दादूकाका उद्या तो लावतील. लोकांना वाटेल, तुम्ही समोरच आहात."

"देवाला रेकॉर्डिंग ऐकवायचं?" काकू म्हणाल्या. "मला नाही पटत."

"देवाला सगळं कळतंच," हरिभाऊ म्हणाले. "प्रश्न सदूचा आहे."

व्हिडिओ झाला. हरिभाऊ खुर्चीत ताठ बसले, हात जोडले, मनातल्या मनात गाऱ्हाणं म्हणत राहिले आणि योग्य जागी हुंकार देत गेले. "व्हय महाराजा." पुन्हा गप्प. "व्हय महाराजा." गावकरांचं वय झालं होतं, ते मधे खोकतात, विसरतात, म्हणून शौनकने व्हिडिओ चांगला लांबवला. शेवटचा हुंकार तर हरिभाऊंनी डोळे मिटून, कपाळाला हात टेकून दिला. व्हिडिओ पाठवला, दादूला पोचल्याची खूण आली. मग फोन काकूंनी मागून घेतला. पालखीपुढच्या ताटात काय काय ठेवायचं ते जनीला सांगायचं होतं.

सकाळी उठले तेव्हा बेट गप्प होतं. रस्त्यावर माणूस नाही, गाडी नाही. मोबाइलवरच्या काड्या होत्या, पण इंटरनेट मेलेलं. हरिभाऊंनी फोन बंद करून चालू केला, खिडकीत धरला, माडाला टेकवून ठेवला. मग तो उशीखाली टाकला आणि काय करावं ते न सुचून व्हरांड्यात काकूंच्या शेजारी येऊन बसले.

"लहानपणी मी अशीच खाडीवर बसायची," काकू म्हणाल्या. "भरती आली की उडी. पलीकडच्या काठाला जाऊन परत."

"तुला पोहता येतं?"

"विचारलंत कधी?"

हरिभाऊंनी खरंच कधी विचारलं नव्हतं. मग त्यांनी विचारलं आणि काकू सांगत गेल्या. एकदा मगर समजून ओंडक्याला घाबरल्या होत्या, ते सांगितलं. वडिलांनी मारलेल्या छडीचं सांगितलं. हरिभाऊ इतके हसले, की शौनकला बाहेर येऊन त्यांना गप्प करावं लागलं. शांततेचा दिवस होता.

तिकडे पालखी निघायची वेळ झाली तेव्हा मात्र त्यांना राहवेना. हॉटेलच्या अंगणात पश्चिमेकडे तोंड करून ते उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "व्हय महाराजा."

कुंपणापलीकडून चौकडीची लुंगी कमरेला गुंडाळलेला, गस्तीवरचा गावचा राखणदार डोकावला. त्याने ओठांवर बोट ठेवलं. हरिभाऊंनी हात जोडले. त्यानेही जोडले. रात्री एकही दिवा नव्हता आणि आभाळात इतके तारे होते, की दोघं नवराबायको जेवण झाल्यावरही आत गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी उजाडताना इंटरनेट परत आलं आणि फोन उशीखाली फडफडायला लागला. दादूने सगळा सोहळा दुसऱ्याच्या मोबाइलवर चित्रित करून घेऊन पाठवला होता. तिघं एका मोबाइलवर डोकी घालून बसले.

पालखी थेट जोगळेकरांच्याच अंगणात आली. ढोल, सनई, गुलाल. पोरांनी ती अशी नाचवली, की हरिभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. खुर्चीवर टोपी घातलेला दादूचा मोबाइल. गावकरांनी गाऱ्हाणं सुरू केलं, आणि प्रत्येक जागी मोबाइलमधून बरोबर हुंकार. "व्हय महाराजा."

"राहिला," हरिभाऊंनी मांडीवर थाप मारली. "मान राहिला."

गावकर यंदा खोकले नाहीत, विसरले नाहीत. गाऱ्हाणं झटपट संपलं, सगळे गप्प झाले आणि मोबाइल एकटाच म्हणाला, "व्हय महाराजा."

लोकांनी वळून बघितलं. दादू मोबाइलकडे धावला, पण सदू त्याच्या आधी पोचला होता. सदू खुर्चीसमोर उकिडवा बसला. "हरीभाव, तिकडं ऊन हाय काय?"

"व्हय महाराजा."

"रात पन हाय काय?"

"व्हय महाराजा."

"हरीभाव, तुमी लबाड हाव काय?"

थोडा वेळ गेला. हरिभाऊ मोबाइलमध्ये भक्तिभावाने हात जोडून बसले होते. "व्हय महाराजा."

अंगण हसून लोळायला लागलं. खांदेकऱ्यांना हसू आवरेना, पालखी हिंदकळायला लागली. "ही फसवनूक हाय," सदू ओरडला. "मान माजा." गावकरांनी हात वर केला. "थांब. नियम काय ठरला व्हता? तोंड दिसलं काय? दिसलं. हुंकार आला काय? आला. हजेरी मंजूर." दादूचा चेहरा फुलला. "पन," गावकर म्हणाले, "मंग हुंकार तो हुंकार. देवासमोर दिल्याला शबूद मागं घेता येत नाय."

सदूला हे लगेच कळलं. "हरीभाव, फुडल्या वर्साचा पयला मान माज्या अंगनाला द्याल काय?"

"व्हय महाराजा."

बालीत हरिभाऊंनी व्हिडिओ थांबवायला बोट पुढे केलं. काकूंनी ते बाजूला केलं.

मग रांग लागली. कुंपणाच्या दगडी गडग्यावरच्या फणसाचे गरे आता पलीकडच्यांचे झाले. पुढच्या होळीला लागणारं झाड जोगळेकरांच्या बागेतलं ठरलं. गावच्या नमन-खेळ्यांच्या तालमींना त्यांची पडवी मिळाली. आणि मग स्वतः दादू टोपी सारखी करत पुढे आला. "हरीभाव, हापूसची पयली पेटी माजी काय?"

"व्हय महाराजा."

"दादूसुद्धा?" हरिभाऊ कळवळले.

"समदी मागत व्हती, मी येकटा मागं कशाला ऱ्हाऊ?" व्हिडिओत दादू कोणालातरी सांगत होता.

सगळ्यात शेवटी पदर खोचून जनी आली. "हरीभाव, वैनीला दर वर्साला असं भाईर फिरवायला न्याल काय? वैनीनीच सांगितलान काल फोनवर. म्हनाल्या, कायबी विचार, ते नाय म्हनूच शकत नाय."

हरिभाऊंनी काकूंकडे बघितलं. काकू पडद्याकडे बघत होत्या. पडद्यावरच्या हरिभाऊंनी डोळे मिटले, कपाळाला हात टेकला आणि सगळ्यात मोठ्याने हुंकार दिला. "व्हय महाराजा." ढोलवाल्याने थाप मारली, पालखी उचलली गेली आणि व्हिडिओ संपला.

"मी आधीच म्हटलं होतं, रेकॉर्डिंग नको," काकू शांतपणे म्हणाल्या.

हरिभाऊंनी रागवायचा प्रयत्न केला. पण जनीचा तो खोचलेला पदर आणि आपला तो कपाळाला टेकलेला हात आठवला आणि त्यांना हसू फुटलं. आज हसायला बंदी नव्हती. पोट धरधरून हसून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले. शब्द देवासमोर दिला होता, आणि तो द्यायला ते खरोखर खूश होते.

"बरं," ते म्हणाले. "मग पुढच्या वर्षी कुठे जायचं?"

"हेच बेट," काकू म्हणाल्या. "आणि कालचा दिवस धरून."

"काल? अगं, काल तर डेटा बंद होता."

"म्हणूनच तर," काकू म्हणाल्या आणि टॉवेल घेऊन समुद्राकडे निघाल्या.