समोरच्या गाडीतले गृहस्थ

मी फक्त गाडी झाडाखाली उभी करायचं ठरवलं होतं. माणसाच्या हातून याहून निरुपद्रवी निर्णय क्वचितच होतो. पण त्या झाडाखालून आमचं घर दिसत होतं आणि ते घर विकायला काढलेलं होतं. माझी अब्रू जायला एवढ्या दोन गोष्टी पुरल्या.

झालं असं, की बायकोला बढती मिळाली आणि बढतीबरोबर बदली. ती तीन महिन्यांपूर्वी नव्या गावी रुजू झाली. मी मागे राहून घर विकायचं आणि मग मुलांना घेऊन तिकडे जायचं, असं ठरलं. (कोणी ठरवलं ते विचारू नका. आमच्याकडे गोष्टी आपोआप ठरतात आणि मला नंतर कळतात.) मुलांना तिकडच्या शाळेत प्रवेशही मिळाला होता. शाळा सुरू व्हायला पाच आठवडे उरले आणि घर होतं तिथेच होतं. थोरली सहा वर्षांची. ती कॅलेंडरवर फुल्या मारत होती. धाकटा तीन वर्षांचा; त्याने आता फोनलाच आई म्हणायला सुरुवात केली होती. फोन चार्जिंगला लावला, की तो त्याच्यावर रुमाल पांघरायचा आणि आई झोपली, असं आम्हांला दबक्या आवाजात सांगायचा. हे मी बायकोला कळवलं नव्हतं.

पहिलं गिऱ्हाईक आलं तेव्हा मी घरातच होतो. त्यांनी सहज विचारलं, पाण्याचा काही त्रास नाही ना? मी त्यांना न्हाणीघरात नेलं आणि कोणता नळ किती फिरवला की गळतो, किती फिरवला की गळत नाही, पण मग दुसरा गळतो, हे वीस मिनिटं समजावून सांगितलं. प्रात्यक्षिकही दिलं. ते गृहस्थ ओल्या बाह्यांनी निघून गेले. त्यानंतर आमच्या एजंटने मला हात जोडून सांगितलं, की यापुढे पार्टी येईल तेव्हा मालक घरात नको. मुलं तर नकोतच. शिवाय घर राहतं दिसता कामा नये. फोटो काढा, फ्रिजवरची चित्रं काढा, ब्रश लपवा, ओटा मोकळा ठेवा. येणाऱ्याला तिथे स्वतःचा संसार दिसला पाहिजे, तुमचा नाही. बाबांची खोली 'स्टडी' म्हणून दाखवू, असंही तो म्हणाला. बाबांना जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. मी बरं म्हटलं.

तर एजंटचा फोन आला, की आमच्याकडे वीस मिनिटं असायची. वीस मिनिटांत दोन मुलांचं घर निर्जन करून दाखवणं हे काय काम आहे, ते केल्याशिवाय कळत नाही. थोरली खेळणी टबात भरायची, मी ओले कपडे बादलीत, उष्टी भांडी दुसऱ्या बादलीत, आणि सगळं गाडीच्या डिकीत. धाकटा आम्ही भरलेल्या वस्तू परत जागेवर नेऊन ठेवायचा. (त्याला शिस्तीची आवड आहे. ती कोणाकडून आली, याबद्दल घरात दुमत नाही.) अर्धवट शिजलेला भात असेल तर तो मी पातेल्यासकट बरोबर घ्यायचो. डिकीत सांडेल म्हणून पातेलं मांडीवर.

बागेत जाऊन बसा, असं एजंटने सांगितलं होतं. पण धाकट्याला गाडी सुरू झाली की झोप लागते आणि दार उघडलं की जाग येते. जागा झाला की तो पाऊण तास रडतो. म्हणून मी एक चक्कर मारून, तो झोपला की गाडी हलकेच समोरच्या झाडाखाली लावायचो आणि पार्टी जाण्याची वाट बघायचो. कोणी आलं-गेलं आणि थोरली काहीबाही बोलली तर पंचाईत, म्हणून तिच्यासाठी एक खेळ काढला. गाडीत असेपर्यंत आपण वेगळी माणसं. ते घर आपलं नाही. तिथे दुसरेच कोणीतरी राहतात. तिला हा खेळ फारच पसंत पडला.

पुढच्या दोन्ही पार्ट्यांना घर आवडलं आणि दोघांनीही नकार कळवला. एजंट चक्रावून गेला होता. त्याला खोदून खोदून विचारल्यावर कळलं, की घराबद्दल तक्रार नाही, पण समोर एक इसम गाडीत मुलं कोंडून बसतो, मांडीवर झाकलेलं पातेलं असतं आणि तो घराकडे टक लावून बघत असतो. लहान मुलं असलेल्या माणसांनी अशा वस्तीत कसं राहायचं? एजंटने मला विचारलं, की हा इसम माझ्या माहितीतला आहे का. मी म्हटलं, तोंडओळख आहे. मग जरा समज द्या त्याला, असं तो म्हणाला. मी देतो म्हटलं.

समज मी दिली. इसमाने पातेलं खाली पायाशी ठेवायचं, गाडीच्या काचा उघड्या ठेवायच्या आणि चेहरा प्रसन्न ठेवायचा. चौथी पार्टी म्हणजे एक दंतवैद्य बाई आणि त्यांचे यजमान. घर बघून झाल्यावर यजमान एजंटशी बोलत फाटकापाशी थांबले आणि बाई रस्ता ओलांडून सरळ माझ्याकडे आल्या. माझ्या प्रसन्न चेहऱ्याचा परिणाम असावा. त्यांनी विचारलं, आपण इथलेच का? मी म्हटलं, समोरच राहतो. (हे शुद्ध सत्य होतं. झाडाच्या समोर आमचंच घर होतं.) मग शेजाऱ्याला विचारतात तसं त्यांनी विचारलं, घर कसं आहे, माणसं कशी आहेत.

घर चांगलं आहे, असं मी म्हणालो. तेवढ्यावर थांबायचं मी ठरवलंही होतं. पण मागच्या सीटवरून थोरलीने खेळ सुरू केला.

"त्या घरातला नळ गळतो," ती म्हणाली. "तिथले बाबा त्याच्याखाली वाटी ठेवतात आणि वाटी भरली की ती झाडाला घालतात. म्हणून नळ दुरुस्त करत नाहीत."

बाई खिडकीशी वाकल्या. दातांच्या डॉक्टरांचा आवाज असतो ना, आपण आपणहून तोंड उघडतो, त्या आवाजात त्यांनी विचारलं, "आणखी काय होतं त्या घरात?"

"मधल्या खोलीत भिंतीला ओल येते. तिथे आता कपाट सरकवलंय. दूध रोज उतू जातं. तिथली आई दुसऱ्या गावी असते. तिथल्या लहान बाळाला वाटतं, आई फोनमध्ये मावते."

मी समोरच्या काचेतून रस्ता बघत होतो. वळून तिला थांबवावं, तर खेळाचा नियम मीच केलेला.

"आणि तिथे आजोबा होते," थोरली म्हणाली. "आता नाहीत. तिथले बाबा त्यांचं कपाट आवरायला जातात, दार लावून घेतात आणि खूप वेळाने येतात. मी जाऊन बघते तर काहीच आवरलेलं नसतं."

(हे अगदीच खरं नाही. एक कप्पा मी आवरला होता.)

झोपलेल्या धाकट्याच्या पायातून गळालेला मोजा बाईंनी हात आत घालून नीट चढवला, मला नमस्कार केला आणि गेल्या. घर गेलं, असं मी समजलो. थोरलीने विचारलं, मी चांगलं खेळले ना? मी म्हटलं, उत्तम.

तिसऱ्या दिवशी एजंटचा फोन. पार्टी तयार होती. त्याचा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता. घर ठीकठाक आहे, असं बाईंचं म्हणणं, पण शेजार त्यांना फार आवडला. गाडीतले ते गृहस्थ इतके सालस, मुलांना कसे सांभाळतात, वगैरे. मालकाबद्दल मात्र त्यांचं मत फारसं बरं नाही, एजंट चाचरत म्हणाला. घराकडे लक्ष नाही, बायको परगावी, माणूस जरा ढिलाच दिसतो. शेजाऱ्यांकडून कळलं म्हणे.

तो दिवस मी फार वाईट काढला. घर विकलं जात होतं, मुलं आईकडे जाणार होती. आणि हे सगळं एका शेजाऱ्याच्या भरवशावर, जो सामान बांधून आमच्याबरोबरच निघून जाणार होता. गप्प बसावं, असं चार-पाच वेळा मनात आलं. पण सह्यांच्या दिवशी एजंटच्या ऑफिसात बाई समोर आल्या आणि माझं तोंड पुन्हा आपोआप उघडलं. म्हटलं, सही करण्याआधी एक सांगायचंय. समोरच्या गाडीतला माणूस म्हणजे मीच. शेजारी बिजारी कोणी नाही. आता नको असेल तर मोकळेपणाने नाही म्हणा.

एजंटने डोळे मिटून घेतले. बाईंनी पर्समधून पेन काढलं.

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "तुमची मुलगी 'तिथले बाबा' म्हणताना दर वेळी तुमच्याकडे बोट दाखवत होती. तुम्ही पुढे बघत होतात."

"मग घर का घेताय?"

"आत्तापर्यंत अकरा घरं पाहिली. प्रत्येक मालक म्हणतो, एकही दोष नाही. तोंड न उघडणाऱ्या पेशंटची मला भीती वाटते. तुमच्या घराचं जे काय दुखतंय, ते मला माहीत झालंय." मग सही करता करता, मान वर न करता त्या म्हणाल्या, "कपाटाची घाई करू नका. आम्ही महिनाभराने राहायला येऊ. नाहीच झालं, तर तसंच बंद करून गाडीत चढवा."

त्यांच्या यजमानांना यातलं काहीच माहीत नव्हतं. ते काळजीने विचारत होते, की मग शेजारी नक्की कोण राहतं.

घरी येऊन मी बायकोला फोन लावला आणि झालं ते सगळं पहिल्यापासून सांगितलं, रुमालाचंही. नंतर पलीकडून बराच वेळ नाक ओढल्याचा आवाज येत होता. ते रडणं होतं की हसणं, हे मला चौदा वर्षांच्या संसारातही फोनवर ओळखता येत नाही.

शेवटी तिने विचारलं, "म्हणजे त्या बाईंना शेजारी आवडला आणि मालक नाही आवडला?"

मी म्हटलं, "हो, तसं म्हणाल्या खऱ्या."

"मग असं कर," ती म्हणाली. "मुलांना घेऊन शेजाऱ्याला पाठव. मालक राहू दे तिथेच."