साडूच्या मागे मागे

"साखर? आणि मला? अशक्य!" तपासणीच्या दिवशी बाइंडरने अख्ख्या छापखान्यासमोर छाती फुगवली. "या सगळ्यांत ठणठणीत मीच निघणार, बघालच!"

रिपोर्ट आले. बाइंडरची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर चपला काढून उभी होती! आणि मशीनमनची? एकदम नॉर्मल!

मशीनमन कुणी परका असता तर बाइंडरने सोडून दिलं असतं. पण तो त्याचा साडू होता. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, वर सहा वर्षांनी मोठा! दोघांच्या पाळ्या दर आठवड्याला बदलायच्या, दोघांनाही झोप जेमतेम पाच तास. मग साखर आपल्याच वाट्याला का?

"भाऊजींनी बघा कशी प्रकृती राखलीय!" बायको म्हणाली. लग्नापासून भाऊजींचे दात, भाऊजींचे केस, भाऊजींचं अक्षर ऐकून बाइंडरचे कान किटले होते. आता भाऊजींचं रक्तसुद्धा!

तो तडक डॉक्टरीणबाईंकडे गेला.

"झोप कमी पडली की शरीर इन्सुलिनचं नीट ऐकत नाही," बाई म्हणाल्या. "साखर रक्तातच रेंगाळते. व्यायाम केला की स्नायू ती ओढून घेतात, त्यामुळे जागरणाचं नुकसान थोडंफार भरून निघत असावं. पण म्हणून झोपेला सुट्टी नाही हं!"

"म्हणजे आमचे साडू चोरून व्यायाम करतात?"

"चोरून कशाला करतील? विचारा की त्यांना!"

विचारलं. साडू म्हणाला, "छे रे! सकाळी तळ्याला एक फेरी मारतो, बस!"

एक फेरी? बाइंडर मनात म्हणाला, लपवतोय लेकाचा!

दुसऱ्या दिवशी सकाळी माकडटोपी डोळ्यांपर्यंत ओढून तो साडूच्या मागावर निघाला. साडू आरामात चालत होता. मागे पावलं वाजली म्हणून त्याने वळून पाहिलं. बाइंडर झटकन झाडाआड! साडूने वेग वाढवला.

'अस्सं! भरभर चालतो!' बाइंडरने मनात टिपून घेतलं आणि तोही भरभर निघाला.

साडूने पुन्हा पाहिलं आणि तो पळत सुटला.

'मध्येच पळतो! हेच ते गुपित!' बाइंडरही पळाला.

पाचव्या दिवशी साडूने बागेच्या कठड्यावरून उडी मारली. बाइंडरनेही मारली, पँट उसवली, पण मागे हटला नाही. आठव्या दिवशी साडू सापासारखा नागमोडी पळाला. बाइंडरला वाटलं, कंबरेसाठी असेल! मग साडूने रस्ता बदलला, वेळ बदलली. बाइंडर दात-ओठ खात मागे होताच. साठीकडे झुकलेला माणूस हरणासारखा पळतो आणि आपल्याला धाप लागते, या विचाराने त्याच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा!

तिसऱ्या आठवड्यात साडू तळ्याच्या वळणावर अचानक ओरडला, "धरा! हाच तो!"

झुडपामागून एक जाडजूड चादर आली आणि बाइंडर गाठोड्यासारखा खाली आदळला. वर साडूचे शेजारी, निवृत्त फौजदार, बैठक मारून बसले!

"तीन आठवडे सभ्य माणसाचा पाठलाग करतोस? बोल, कुणाचा माणूस तू?"

"उठा हो आधी!" चादरीतून आवाज आला. "बरगडी मोडली माझी!"

आवाज ओळखीचा वाटला. साडूने माकडटोपी ओढली.

"तू?"

बाइंडरची बोबडी वळली. "दादा, मी... म्हणजे तुमच्या मागे... मला आपलं वाटलं..."

साडूचे डोळे भरून आले. "फौजदारसाहेब, भलत्यालाच धरलंत हो! हा माझा साडू! माझ्या मागे गुंड लागलाय हे याला कळलं असणार. म्हणून बिचारा रोज माझ्या पाठीशी पळत होता, आणि तोंडातून चकार शब्द नाही!"

"अहो, पण टोपी तीच..." फौजदार पुटपुटले.

"गुप्तपणे राखण करायची तर टोपी हवीच की!" साडूने बाइंडरला मिठी मारली. "उद्यापासून लपायचं नाही. माझ्याबरोबर पळायचं!"

नाही म्हणायला तोंडच उरलं नव्हतं. दोघं रोज पळू लागले. तीन महिन्यांनी बाइंडरची साखर नॉर्मल आली, शिवाय साडूपेक्षा दोन आकड्यांनी कमी! रिपोर्ट फडकवतच तो घरात शिरला.

"अगंबाई!" बायकोने हात जोडले. "भाऊजींचे उपकार हो! ते होते म्हणून तुम्ही पळालात!"

बाइंडरचा चेहरा पडला.

"आणि ताई सांगत होती, तुम्ही सोबत असता म्हणून भाऊजींची भीती पार गेली. आता पाळी कुठलीही असो, सात तास गाढ झोपतात!"

सात तास! ते ऐकल्यापासून बाइंडर जळफळत नुसता कूस बदलतोय. पाच तासांचे चार झाले. ते भरून काढायला सध्या तो तळ्याला दोन फेऱ्या जादा मारतो.